दुसरी खेप

बोट बुडाल्याची बातमी आली की लोक आधी विचारतात, "आत किती माणसं होती?" आणि याचं उत्तर सहसा कुणाकडेच नसतं.

किरिबाती हा प्रशांत महासागरातला ३३ बेटांचा देश. माणसं आमच्या पलूस तालुक्यापेक्षा कमी, पण बेटं विखुरलीत ती जवळपास भारताएवढ्या समुद्रावर. १८ जानेवारी २०१८ रोजी नोनोउती बेटावरून 'बुतिराओई' नावाची लाकडी प्रवासी बोट राजधानीकडे निघाली. दोन दिवसांचा प्रवास. ती पोहोचलीच नाही. पहिल्या बातम्यांत पन्नासेक माणसं असल्याचं म्हटलं होतं, मग आकडा ऐंशीच्या पुढे सरकला, शेवटी हिशेब लागला तेव्हा ९५ जण गेले होते. न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या विमानाला २८ जानेवारीला एका छोट्या डिंगीत ७ जण जिवंत दिसले. बोट निघाल्यापासून दहा दिवसांनी. त्यातले पहिले आठ दिवस न्यूझीलंडला कुणी कळवलंही नव्हतं.

त्यानंतर दीड वर्षानं, ८ ऑगस्ट २०१९ ला, आमच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावची बोट उलटली. कृष्णा आणि येरळा जिथं मिळतात तिथलं हे गाव. दोन्हीकडून पाणी चढलेलं, गावकरी बाहेर निघत होते. त्या दिवशीही बोटीत किती जण होते याचे आकडे तासातासाला बदलत होते. शेवटी १७ जण गेले, त्यात बाया आणि लेकरं बरीच.

एक खाऱ्या पाण्यातली, एक गोड्या. मधे हजारो मैल. पण दोन्ही बातम्या मी शेजारी ठेवून वाचल्या आणि मला त्या एकाच घटनेच्या वाटल्या.

मी नदीकाठच्या गावचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबईत 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर शिकलो, पुढं नोकरीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, कप्तान म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे समुद्र नाही, त्यामुळे गावात माझ्या ज्ञानाला कवडीची किंमत नाही, आणि ते बरंच आहे. फक्त पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चाळीस फुटांच्या पुढे गेली की मंडळी घरी येतात. "कप्तान, बोटीचं जरा बघता का?"

नावेची पहिली शिकवणी मला 'राजेंद्र'वर मिळाली नाही, औदुंबरला मिळाली. दत्ताच्या घाटावरून पलीकडे भुवनेश्वरीला जायला नाव असायची. नावाड्याला आम्ही आबा म्हणायचो. नावेच्या बाहेरच्या अंगाला, काठापासून वीतभर खाली, त्यांनी डांबराचा एक पट्टा ओढला होता. माणसं चढत जायची, नाव दबत जायची. पाणी पट्ट्याला टेकलं की आबा बांबू रोवून उभे राहायचे आणि शेवटी चढलेल्याला, मग तो पाटलाच्या वाड्यातला का असेना, एवढंच म्हणायचे, "उतरा. आलोच मी."

आणि माणूस उतरायचा. कुरकुर करायचा, पण उतरायचा. कारण आबा खरंच यायचे. पैलतीराला चार माणसं उतरवून, एखादी विडी ओढून, वल्हं मारत परत यायचे. पलीकडून कुणी येणार नसलं तरी रिकामी नाव घेऊन यायचे. सुगीला त्यांना दोन्ही काठांवरून धान्य मिळायचं. खेपेला किती माणसं बसली यावर त्यांचं पोट नव्हतं.

पुढं जहाजावर गेल्यावर तोच पट्टा मला जगातल्या प्रत्येक जहाजाच्या कुशीवर दिसला. वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ. तिला प्लिमसोल रेषा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले काही जहाजमालक जुनाट जहाजं ठासून भरायचे, विमा उतरवायचे आणि समुद्रात सोडायचे. जहाज पोहोचलं तर नफा, बुडालं तर विमा. खलाशी दोन्हीकडून मरायचे. सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडला आणि १८७६ मध्ये भाररेषेचा कायदा झाला. गंमत अशी की रेषा काढणं सक्तीचं झालं, ती कुठं काढायची हे मालकावरच सोडलं. वेल्समधल्या एका कप्तानानं ती धुरांड्यावर रंगवली होती, असं आमच्या धंद्यात सांगतात. रेषेची जागा कायद्यानं ठरवायला १८९० उजाडलं.

या रेषेमागचं शास्त्र अवघड नाही. पाण्याच्या वर बोटीचा जो काठ उरतो तो बोटीची शिल्लक. लाट आली, माणसं एका बाजूला झुकली, बोट कलली, की ती शिल्लक खर्च होते. काठ पाण्याला टेकला की पाणी आत येतं, आलेलं पाणी खालच्या बाजूलाच धावतं आणि बोटीला आणखी कलतं करतं. तिथून पुढं सगळा खेळ काही सेकंदांचा. माणसं उभी राहिली तर आणखी वाईट, कारण वजन वर सरकतं. त्यात बोटीत कुणी "अगं बाई, पाणी!" म्हणून ओरडलं की सगळे एकदम एका बाजूला होतात. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भरपावसात काशाच्या खडकाजवळ कलली तेव्हा असंच झालं. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. सकाळी बुडालेल्या बोटीची खबर मुंबईला मिळायला दुपार उलटली.

तर, बोटीत जास्त माणसं बसू नयेत हे सगळ्यांना कळतं. ब्रह्मनाळला कळत नव्हतं का? तिथं त्या दिवशी बोटीत चढलेल्यांना अक्कल नव्हती असं म्हणणारे मला भेटतात तेव्हा माझं डोकं फिरतं. जरा त्या काठावर उभं राहून बघा. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराच्या खुणा लोकांनी भिंतींवर जपल्या होत्या आणि "त्याच्यावर काय येत न्हाई" असा सगळ्यांचा पक्का समज. त्या खुणा रातोरात बुडाल्या. जनावरं दावणीला, वीज गेलेली, फोन बंद पडत आलेले. एक बोट येते. ती पुन्हा येईल का? इंधन आहे का? अंधार पडायच्या आत येईल का? तिला दुसऱ्या गावाला तर नेणार नाहीत? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसताना तुम्ही लेकराला हातात घेऊन काठावर थांबाल?

किरिबातीतही तेच. बेटावर महिनोन्‌महिने बोट फिरकत नाही. आलेली बोट सोडली की पुढची कधी, देव जाणे. मग माणसं चढतात, नाचणी-तांदळाची पोती असावीत तशी सामानात बसतात, आणि 'नको' म्हणणारा कप्तान त्यांना वैरी वाटतो. जिथं दुसरी खेप होणार याची खात्री नसते, तिथं पहिल्याच खेपेला गर्दी होते. तिथं डांबराचा पट्टा ओढा नाहीतर पोलिस उभा करा, फरक पडत नाही.

पुरातली बोट चालवणं हे मात्र वेगळं कसब आहे आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गावोगावी फायबरच्या बोटी आल्यात आणि त्या चालवणारी पोरं धाडसी असली तरी त्यांना कुणी चार गोष्टी बसून सांगितलेल्या नसतात.

पुराचं पाणी दोन जातींचं असतं. शेतांवर, मळीवर पसरलेलं पाणी संथ असतं, जवळजवळ तळ्यासारखं. आणि मधे मूळ पात्राची धार असते, ती ओढते. बोट संथ पाण्यातून धारेत शिरते तो क्षण सगळ्यात वाईट. नाक धारेत गेलेलं, शेपूट अजून संथ पाण्यात, त्यामुळे बोट गर्रकन फिरते आणि आडवी होते. आडव्या बोटीवर धार चढते. म्हणून धारेत शिरायच्या आधी नाक वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतंय त्या दिशेला तिरकं करायचं आणि इंजिनानं फक्त वाहून जाण्यापुरता विरोध करत पलीकडे सरकायचं. जुने नावाडी सुरुवातच वरच्या घाटावरून करायचे ती यासाठी. सरळ समोरच्या काठावर नेम धरून जो निघतो तो खालच्या गावाला लागतो, किंवा लागतच नाही.

दुसरं, पाण्याखाली काय आहे. समुद्रात आम्हाला नकाशे असतात. इथं पाण्याखाली उसाचे फड आहेत, द्राक्षाचे मांडव आणि त्यांच्या तारा आहेत, विहिरींचे कठडे आहेत, मोटारींच्या केबली आहेत. पंख्यात पाचट गुंडाळलं जातं, जलपर्णी अडकते, फांदी अडकते. ब्रह्मनाळच्या वेळी पंख्यात फांदी अडकल्याचं छापून आलं होतं. इंजिन बंद पडलेली बोट म्हणजे वाहत जाणारा ओंडका. यावर इलाज दोन, आणि दोन्ही स्वस्त. बोटीत दोन वल्ही कायम हवीत. आणि एक नांगर हवा, म्हणजे पंधरावीस मीटर दोरीला बांधलेलं चार टोकांचं लोखंड. इंजिन गेलं की आधी नांगर टाकायचा, बोट थांबवायची, मग पंखा मोकळा करायचा. मी पाहिलेल्या गावच्या बोटींत इंजिन चकचकीत असतं, नांगर मात्र जवळपास कुठंच नसतो.

बाहेरून लावलेल्या इंजिनाला एक लाल, वेटोळ्यांची दोरी असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची. तो पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर माणूस पडल्यावर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. आमच्या शेजारच्या गावातल्या पोरांनी ती दोरी हँडललाच गाठ मारून ठेवली होती. "सारखी निघतीया वो!" निघावी म्हणूनच ती आहे, हे सांगितल्यावर पोरं माझ्याकडे बघत राहिली.

आणि वरच्या विजेच्या तारा. पाणी वीस फूट चढलं की तारा तेवढ्याच खाली आल्यासारख्या होतात. उभा राहिलेला माणूस, उभा धरलेला बांबू, दोन्ही पोहोचतात.

कोयनेची गोष्ट निराळी आहे. तिथं पूर नाही, रोजचा व्यवहार आहे. सातारा जिल्ह्यात हेळवाकजवळ धरण बांधून कोयना अडवली आणि साठच्या दशकात शिवसागर भरला. १०५ टीएमसीचा, महाबळेश्वरच्या पायथ्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलेला जलाशय. खोऱ्यातली गावठाणं पाण्याखाली गेली. काही लोक ठाणे-रायगडकडे पुनर्वसनात गेले, काही वर डोंगराच्या अंगाला सरकून राहिले. कांदाटी खोऱ्यातली ती गावं तेव्हापासून जवळजवळ बेटंच झाली. मागं सह्याद्रीचा कडा, पुढं पाणी. दवाखाना, बाजार, कचेरी, सगळं पाण्यापलीकडे तापोळ्याला, बामणोलीला, तिथून घाट चढून मेढ्याला, साताऱ्याला. जिल्हा परिषदेची लाँच आणि गाड्या नेणारा तराफा हीच त्यांची एसटी.

बाहेरच्यांना बामणोली ठाऊक आहे ती वासोट्यासाठी. वनखात्याची परवानगी काढायची, बोटीनं दीडेक तास जायचं, मेट इंदवलीला उतरून किल्ला चढायचा, संध्याकाळच्या आत परत. ती पर्यटकांची बोट आणि गावकऱ्यांची लाँच यांत फरक आहे. लाँचवर शिक्षक असतात, रेशनचं पोतं असतं, सिलिंडर असतो, नाकावर आडवी घातलेली मोटारसायकल असते, आणि नातवाला बघायला निघालेली म्हातारी असते जी सगळ्या प्रवासात लाकडी बाकाची कड सोडत नाही.

थंडीत एकदा सकाळी मी तिकडच्या एका लाँचवर चालवणाऱ्याच्या शेजारी बसलो होतो. धुकं पाण्याला चिकटलेलं, पन्नास पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. वर मात्र डोंगरांची धार स्वच्छ. तो समोर पाण्याकडे बघतच नव्हता, वर बघत होता. मी विचारलं तसं म्हणाला, "ती सोंड दिसती? तिच्या मागनं ती दुसरी टेकडी भाईर आली की डावं घ्याचं. ल्हवकर घेतलं तर खाली झाडं हायती. आमच्या जुन्या गावची आंब्याची."

मी थक्क झालो. दोन खुणा एका रेषेत धरून मार्ग काढणं, ही जगभरच्या बंदरांत शिरायची रीत. प्रवाळाच्या बेटांवर कोळी लोक नारळाचं झाड आणि चर्चचं टोक असं एका रेषेत धरतात आणि खडकातल्या फटीतून होडी आत घालतात. आमच्या परीक्षेत यावर गुण होते. हा माणूस ते वडिलांकडून शिकला होता आणि वडिलांनी ते गाव बुडायच्या आधी पायी चालून पाहिलं होतं.

इथंच काळजीचं कारणही आहे. ज्यांनी पाण्याखालचा मुलूख डोळ्यांनी बघितला ती पिढी संपत आली. प्रशांत महासागरातल्या छोट्या देशांपुढेही हाच प्रश्न होता. तिथले बरेच नकाशे एकोणिसाव्या शतकात शिशाचं वजन दोरीला बांधून घेतलेल्या मापांवर बेतलेले होते. न्यूझीलंडच्या पुढाकारानं व्हानुआतू, टोंगा, कूक बेटं अशा ठिकाणी कुठल्या मार्गावर धोका जास्त हे आधी काढलं आणि त्या क्रमानं नव्यानं मोजणी केली. सगळा समुद्र मोजायची ऐपत कुणाची नाही, पण बोटी जातात तेवढ्या वाटा मोजता येतात. शिवसागरावर रोजच्या वाटा किती? हाताच्या बोटांवर. ध्वनिलहरींनी खोली मोजणारं छोटं यंत्र लावलेली एक बोट मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, त्या वाटांवरून फिरवली तर खोडं कुठं, देवळाचं शिखर कुठं हे कागदावर येईल.

नुसते खांब रोवून मात्र भागणार नाही. समुद्राला दिवसातून दोनदा भरती. शिवसागराला वर्षातून एकदाच, पण ती केवढी! पावसाळ्यानंतर काठोकाठ असलेलं पाणी मेअखेर कित्येक मीटर उतरतं. धक्का कोरडा पडतो, लाँच चिखलाला लागते, माणसं घोटाभर गाळ तुडवत वर चढतात. म्हणून इथं खूण हवी ती तरंगती, लांब साखळीला बांधलेली पिंपं. बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवं, ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. रंगाचा डबा आणि साखळी, याहून मोठा खर्च नाही.

त्या चालवणाऱ्याला मी विचारलं, "रात्री?"

"रात्री बंद. कुणी न्हेत न्हाई." मग थोडं थांबून, "बाळंतीण असली, कुणाला पान लागलं, तर न्यावंच लागतंय की."

नियम करणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं. रात्री बंदी घातली म्हणजे रात्रीची खेप थांबत नाही, ती फक्त चोरून होते आणि बिनदिव्याची होते. त्यापेक्षा बोटीवर एक चांगला शोधदिवा आणि दोन्ही काठांवर एकेक वॉकीटॉकी हवी. खोऱ्यात मोबाईलची रेंज डोंगराच्या वळणागणिक जाते. "नऊ माणसं घेऊन निघालो" एवढा निरोप पलीकडे गेला आणि तासाभरात बोट लागली नाही, तर शोध लगेच सुरू होतो. बुतिराओईच्या लोकांना हा निरोप नव्हता. पॅसिफिक समुदाय ही तिकडच्या देशांची संस्था छोट्या मासेमारी होड्यांसाठी एक पिशवी पुरवते. त्यात उपग्रहाला हाक देणारा बीकन, आरसा, दिवा अशा वस्तू असतात. होडी उलटली तरी पिशवी तरंगते. आपल्याला उपग्रहाची गरज नाही. दोन काठ एकमेकांशी बोलले तरी बास.

वाऱ्याचंही सांगायला हवं. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतली ती गावं, रस्त्यानं केवढा वळसा, बोटीनं पंधरावीस मिनिटं. वळवाचा वारा आधी निरोप देतो. आभाळ एका बाजूला काळंनिळं होतं, मग वारा पडतो, एकदम शांत होतं. ती शांतता फसवी. लांबट जलाशयात वारा लांबीच्या दिशेनं सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात, समुद्राच्या लाटेसारख्या ऐसपैस नसतात. सपाट बुडाची बोट त्यात सापडली की दोन लाटांत भरते. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतरची खेप आभाळ बघून सोडायची, हा नियम कागदावर नसला तरी चालेल, चालवणाऱ्याच्या डोक्यात हवा. आणि त्यानं खेप थांबवली तर त्याचा त्या दिवसाचा पगार बुडता कामा नये.

कायदा नाही असं नाही. १९१७ चा जुना इनलँड व्हेसल्स कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला. यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा, सगळं त्यात आहे. वल्ह्याच्या होडीचीही नोंद स्थानिक संस्थेनं ठेवायची आहे. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतं. पण कायद्याची आठवण होते ती अपघातानंतर. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवेवर प्रत्येकाच्या अंगात जॅकेट दिसू लागलं.

जॅकेटबद्दल एक सांगतो. गावच्या बोटीची जॅकेटं मी तपासायला गेलो तर ती ग्रामपंचायतीच्या खोलीत, खताच्या पोत्यांमागं. दोन जॅकेटांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले. लहान मुलांचं एकही नाही. मोठ्यांचं जॅकेट पोराच्या अंगात घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. कमरेचा पट्टा आवळला नाही तर मोठ्या माणसाचंही तेच. "घातली की माणसं घाबरत्यात," असं मला लाँचवर कुणीतरी सांगितलं होतं. घाबरू देत. जॅकेट घालून घाबरलेली माणसं एका जागी बसतात, हा आणखी एक फायदा.

पण जॅकेट, नांगर, पिंपं हे सगळं झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. लोकांना दुसरी खेप होणार याची खात्री कशी द्यायची?

तापोळ्याजवळ अहीरकडे जाणारा मोठा पूल उभा राहतो आहे. चांगली गोष्ट आहे. पूल झाला की काही गावांची बोट सुटेल. पण सगळ्यांची नाही. मग लाँचवर माणसं कमी होतील, डिझेल तेवढंच लागेल, आणि कुठल्या तरी बैठकीत कुणी तरी म्हणेल की फेरी तोट्यात आहे, दिवसाआड करू. पुलापासून लांब असलेल्या वाड्यांना तेव्हा पुन्हा एकच खेप मिळेल आणि ती भरून निघेल. किंवा काहीतरी तात्पुरती सोय करतील, टोंगासारखी. तिथं जुनी बोट काढली आणि नवी येईपर्यंत भागवायला 'प्रिन्सेस आशिका' नावाचं जुनं जपानी जहाज विकत घेतलं. सेवेत येऊन महिना-दीड महिना झाला असेल-नसेल, तोच ५ ऑगस्ट २००९ च्या रात्री ते बुडालं, ७४ माणसं घेऊन. जहाज समुद्रात जायच्या लायकीचंच नव्हतं, असं चौकशी आयोगानं म्हटलं. तात्पुरती सोय म्हणून जे आणतात ते बहुधा असंच असतं.

फिजीनं निराळा मार्ग काढला. लांबच्या, न परवडणाऱ्या बेटांच्या फेऱ्या सरकार ठेक्यानं देतं आणि फेरीमागं जहाजवाल्याला पैसे मोजतं. माणसं दहा बसोत की शंभर, ठरलेल्या दिवशी जहाज गेलं पाहिजे. तिथंही तक्रारी आहेत, जहाजं मोडतात, उशीर होतो. पण बेटावरच्या माणसाला तारीख ठाऊक असते. जहाजवाल्याचं पोट गर्दीवर नसतं. औदुंबरच्या आबांना सुगीला दोन्ही काठांवरून धान्य मिळायचं, त्यातलाच हा हिशेब.

आमच्या गावात यंदा पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत मी एवढीच मागणी मांडली. आयर्विनला पाणी ३५ फुटांवर गेलं की बोट दर तासाला खेप करेल, आत माणूस असो वा नसो. वेळापत्रक देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगायचं. चढणाऱ्याचं नाव काठावरच वहीत, आणि वही काठावरच ठेवायची, बोटीत न्यायची नाही. नांगर, वल्ही, पोरांची जॅकेटं यांना सगळ्यांनी माना डोलावल्या. पट्टा ओढायलाही एक जण लगेच तयार झाला. अडलं ते रिकाम्या खेपांच्या पेट्रोलवर. ग्रामसेवक भला माणूस आहे, पण त्याचंही खरं आहे. "माणूसच नाही तर बोट गेली कशाला, असं ऑडिटला विचारतील. कुठल्या शीर्षाखाली टाकू?" शेवटी दोन द्राक्षवाल्यांनी आणि दूध संस्थेनं मिळून पहिल्या चार दिवसांचं पेट्रोल कबूल केलं. पाचव्या दिवसाचं अजून ठरायचं आहे.